चेन घरीच ताणायची आहे: किती सैल ठेवायची, किती आवळायची?

मृण्मयी_क

नमस्कार मंडळी. माझी १५० सीसीची गाडी आहे. चेन उघडी, मागे ड्रम ब्रेक, डबल स्टँड आहे. रोज सातारा ते कराड जाणं-येणं, बहुतेक सगळं हायवेनेच.

चेन खडखडायला लागली म्हणून एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी दोन्ही बाजूंचे नट भराभर आवळून दिले. खडखड गेली, पण आता साठच्या पुढे मागून घूंऽऽ असा बारीक आवाज येतो आणि न्यूट्रलमध्ये गाडी ढकलताना मध्येच जड लागते, मग पुन्हा हलकी होते. परत दाखवली तर म्हणाले, चेन वाढली आहे, एक कडी काढून टाकू, नव्यासारखी होईल.

मला हे काम स्वतःच शिकायचं आहे. पार्किंगमध्ये जागा आहे, दिवा आहे. किती ढील ठेवायची, कोणते पाने लागतात, चेन धुवायची कशाने, आणि कडी काढणं बरोबर की चूक, एवढं कुणी नीट सांगेल का? व्हिडिओ खूप पाहिले, पण प्रत्येक जण वेगळं सांगतो.

आयटीआयवाला

मृण्मयीताई, कडी काढू देऊ नका. ते का, ते पुढे सांगतो. आधी चेन सैल करा. तुम्ही सांगताय ती सगळी लक्षणं अति ताणलेल्या चेनची आहेत आणि तुमचा रोजचा प्रवास हायवेचा आहे.

चेनला ढील का लागते हे एकदा समजलं की बाकीचं आपोआप समजतं. मागचं चाक स्विंगआर्मवर, म्हणजे ते चाक धरणाऱ्या हलत्या दांड्यांवर, वर-खाली होतं. स्विंगआर्मची खीळ आणि पुढचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) एकाच जागी नसतात, स्प्रॉकेट थोडं पुढे असतं. त्यामुळे चाक वर-खाली होताना दोन स्प्रॉकेटमधलं अंतर बदलत राहतं. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मची खीळ आणि मागचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा हे अंतर सर्वांत जास्त असतं आणि चेन सर्वांत ताणलेली असते. तुम्ही बसलात, मागे कुणी बसलं, खड्डा आला, की चाक त्या रेषेकडे सरकतं. उभ्या गाडीला चेन आधीच कडक असेल तर त्या क्षणी ताणाला जागाच उरत नाही. तो सगळा ओढा गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टवर आणि त्याच्या बेअरिंगवर येतो, मागच्या चाकाच्या बेअरिंगवर येतो. पुढे स्प्रॉकेटमागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपायला लागतं. सैल चेन खडखडून स्वतःची तक्रार करते. ताणलेली चेन फारसा आवाज न करता महागडी बेअरिंग खाते. म्हणून शंका असेल तर किंचित सैलकडे झुका.

किती सैल, याचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे, आणि बहुतेक गाड्यांच्या स्विंगआर्मवर किंवा चेनगार्डवर स्टिकरही असतं. रोजच्या वापरातल्या गाड्यांना साधारण २० ते ३० मि.मी. दिलेलं असतं. सस्पेन्शनचा प्रवास लांब असलेल्या गाड्यांना त्याहून जास्त लागतं, म्हणून मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

मोजायचं असं: खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटच्या बरोबर मध्ये, चेनमागे पट्टी उभी धरा. बोटाने चेन खाली दाबा, एका पिनची जागा वाचा. मग वर उचला, पुन्हा वाचा. दोन्हींतला फरक म्हणजे ढील. नुसतं खाली किंवा नुसतं वर मोजलं की आकडा निम्मा येतो आणि माणूस चेन अजून सैल करतो. मॅन्युअलमध्ये डबल स्टँडवर मोजा म्हटलंय की साइड स्टँडवर, तेही पाहा, कारण आकडा बदलतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं. चाक हाताने फिरवत पाच-सहा ठिकाणी मोजा. झिजलेली चेन सगळीकडे सारखी वाढत नाही. जिथे सर्वांत ताठ सापडेल तिथे दिलेला आकडा बसला पाहिजे. सैल जागी मोजून आवळली की ताठ जागा दोरीसारखी ताणते. तुमची गाडी मध्येच जड लागते ती बहुधा याचमुळे.

सह्यवाटा

आयटीआयवाल्या काकांनी का ते सांगितलं, मी कसं ते लिहितो. ड्रम ब्रेकवाल्या गाडीसाठी.

हत्यारं फार लागत नाहीत. एक्सलच्या नटाला बसणारा रिंग पाना किंवा सॉकेट, दुसरी बाजू धरायला आणखी एक पाना, अ‍ॅडजस्टरच्या (चाक मागे-पुढे सरकवणाऱ्या बोल्टच्या) नटांसाठी लहान पाने (बहुतेक १०, १२, १४ मधलेच), पक्कड, स्टीलची पट्टी. एक्सलच्या नटावर फिक्स पाना वापरू नका, घसरून नटाचे कोपरे गोल होतात.

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, चावी काढून खिशात. एक्सलच्या नटाला स्प्लिट पिन असेल तर ती काढा, जुनी परत वापरू नका, नवी अगदी स्वस्तात मिळते. एक्सलचा नट सैल करा, काढू नका. काही शंभर सीसी गाड्यांना चेनच्या बाजूला एक्सलवर आणखी एक मोठा स्लीव्ह नट असतो, तोही सैल करावा लागतो, नाहीतर ती बाजू जागची हलतच नाही आणि चाक तिरकं होतं. मागच्या ब्रेकचा रॉड सैल करा.

मग दोन्हीकडचे लॉकनट सोडा आणि अ‍ॅडजस्टर नट फिरवा. एकदम नाही. आठ मि.मी.च्या साध्या बोल्टचे आटे सव्वा मि.मी.च्या अंतराने असतात, म्हणजे पूर्ण एक फेरा दिला की चाक १.२५ मि.मी. मागे जातं आणि ढील मात्र त्याच्या कितीतरी पट कमी होते. षटकोनी नटाची एक बाजू उजवीकडे, एक बाजू डावीकडे, मग मोजा. असंच करत जा. तुमच्या बाबतीत उलट, सैल करायची आहे. नट सोडले तरी चाक आपण होऊन पुढे येत नाही. टायरला मागून तळहाताने किंवा रबरी हातोडीने ठोका, दोन्हीकडे अ‍ॅडजस्टर घट्ट टेकले आहेत ना पाहा.

स्विंगआर्मवर दोन्ही बाजूंना खुणा असतात. दोन्हीकडे एकाच खुणेवर आलं पाहिजे. पण जुन्या गाडीत, विशेषतः कधी पडलेल्या, मी त्या खुणांवर पूर्ण विसंबत नाही. स्विंगआर्मच्या खिळीच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. दोन्ही आकडे सारखे आले की चाक सरळ आहे. मागून एक डोळा मिटून चेनच्या रेषेत पाहा, तिरकी असेल तर दिसते. मागच्या स्प्रॉकेटच्या दात्यांची एकच बाजू घासून चकाकत असेल तर चाक बरेच दिवस तिरकं धावतंय असं समजा.

आवळताना आधी एक्सलचा नट, मग लॉकनट. एक्सल आवळताना चाक किंचित मागे सरकतं आणि मेहनत वाया जाते. त्यावर उपाय: चेन खालच्या बाजूने मागच्या स्प्रॉकेटवर चढते तिथे एक जाड फडकं घडी करून ठेवा आणि चाक हाताने पुढे फिरवा. फडकं चेन आणि दात्यांमध्ये अडकतं, चाक पुढे ओढून अ‍ॅडजस्टरवर घट्ट बसतं. त्याच स्थितीत एक्सल आवळा, मग चाक उलटं फिरवून फडकं काढा. बोटं फडक्यापासून लांब. शेवटी ढील पुन्हा मोजा.

कोकणरस्ता

छान लिहिलंय दोघांनीही. एकच भर. चेन ताणली की चाक मागे जातं, त्यामुळे ड्रम ब्रेकचा रॉडही ओढला जातो. ब्रेक पेडलचा मोकळा प्रवास पुन्हा बसवा, नाहीतर ब्रेक किंचित लागलेलाच राहतो, ड्रम तापतो, मायलेज पडतं. चाक फिरवून बघा, घासतंय का. मागचा ब्रेकलाइट कधी पेटतो तेही तपासा, त्याच्या स्विचला वेगळा नट असतो.

बुलेटस्वार_नगर

जुनी बुलेट असलेल्यांसाठी: आपल्याकडे बोल्टचे अ‍ॅडजस्टर नाहीत, गोगलगाईच्या आकाराच्या चकत्या आहेत. त्यांना खाचा असतात. दोन्हीकडे टोकापासून मोजून तेवढ्याच खाचा फिरवायच्या. काम सोपं आहे, पण खाचेच्या अधेमधे काही बसवता येत नाही, तेव्हा सैलकडची खाच घ्यावी.

शंभरसीसी

माझ्या स्प्लेंडरला पूर्ण बंद चेनकव्हर आहे. ढील कशी बघायची?

सह्यवाटा

कव्हरला एक रबरी टोपण असतं. ते काढलं की चेन दिसते. त्यातूनच बोटाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने वर-खाली करून बघायचं, चाक फिरवत. बंद कव्हरचा फायदा मोठा आहे, धूळ-पाणी कमी लागतं आणि चेन उघड्या चेनपेक्षा जास्त टिकते. पण कव्हर आहे म्हणून वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी दोन्ही भाग काढून चेन धुवायला सांगा. लिहून द्या, नुसतं तोंडी सांगू नका.

मृण्मयी_क

सगळ्यांचे खूप आभार. आज मोजलं. सर्वांत ताठ जागी जेमतेम ८ मि.मी., सर्वांत सैल जागी ३० च्या आसपास! स्टिकरवर २०-३० आहे. चेन काळीकुट्ट, रोलर दिसतच नाहीत. आता आधी धुवू की आधी सैल करू? आणि धुवायला काय? एका व्हिडिओत गाडी स्टार्ट करून पहिल्या गिअरमध्ये टाकून चेनवर ब्रश धरला होता. पटकन होतं म्हणे.

आयटीआयवाला

ताई, हे कधीही करू नका. कुणालाही करू देऊ नका.

इंजिन चालू असताना फिरणाऱ्या चेनजवळ ब्रश, फडकं, बोट, काहीही न्यायचं नाही. फडक्याचा धागा दात्यात अडकला की फडकं ओढलं जातं आणि त्याच्याबरोबर हात जातो. चेन आणि स्प्रॉकेट जिथे भेटतात तिथे बोटाला जागा नसते. हात मागे घ्यायला वेळही मिळत नाही, कारण बंद इंजिनचं चाक जसं हाताच्या विरोधाने थांबतं तसं चालू इंजिनचं थांबत नाही. वर्कशॉपमध्ये मी मुलांना पहिला नियम हाच शिकवला: चावी खिशात, मगच चेनला हात. चाक हाताने फिरवून चेन धुवायला दहा मिनिटं जास्त लागतात, तेवढी द्या.

हाताने फिरवतानाही चाक जोरात भिंगवून त्यावर फडकं धरू नका. एक वीतभर चेन पुसा, चाक सरकवा, पुढची वीत.

दर्यावर्दी

काकांशी शंभर टक्के सहमत. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी हे काम करताना मुलांना जवळ येऊ देऊ नये. चाक फिरताना बघून त्यांचा हात आपोआप पुढे जातो.

आयटीआयवाला

आता क्रम. आधी सैल करा, म्हणजे ताठ जागा २० वर आणा. मग धुवा. मग पुन्हा मोजा, कारण कधी कधी ताठ जागा म्हणजे गंजून किंवा घट्ट चिखलाने अडकलेल्या दोन-चार कड्या असतात. धुतल्यावर त्या मोकळ्या झाल्या तर आकड्यांतला फरक कमी होतो.

एक परीक्षा सांगतो. टायरवर खडूने खूण करा आणि चाक सावकाश फिरवत ताठ जागा किती फेऱ्यांनी येते ते पाहा. प्रत्येक फेरीला त्याच खुणेवर जड लागत असेल तर दोष मागच्या स्प्रॉकेटमध्ये आहे किंवा ब्रेक ड्रम घासतोय. साधारण तीन फेऱ्यांनी एकदा जड लागत असेल तर दोष चेनमध्ये. चेनमध्ये १२० च्या आसपास कड्या आणि मागच्या स्प्रॉकेटला चाळिसेक दाते, म्हणून चेनचा एक पूर्ण फेरा व्हायला चाकाच्या जवळपास तीन फेऱ्या लागतात.

धुवायला रॉकेल उत्तम. कड्यांच्या पट्ट्यांमध्ये बारीक काळ्या रबरी रिंगा दिसतात का बघा. दिसल्या तर ती ओ-रिंग चेन आहे. तिच्या पिन आणि बुशमध्ये (पिनभोवतीच्या नळीमध्ये) कारखान्यात भरलेलं ग्रीस आहे आणि त्या रिंगा ते आत धरून ठेवतात. अशा चेनला पेट्रोल, थिनर लावायचं नाही, रबर खराब होतं. तारेचा ब्रशही नाही. जुना दात घासायचा ब्रश किंवा नायलॉनचा ब्रश पुरे.

कोकणरस्ता

रॉकेल आता मिळवायचं म्हणजे शोधाशोध. हार्डवेअरच्या किंवा रंगाच्या दुकानात विचारा. नाहीच मिळालं तर साध्या, बिनरिंगेच्या चेनला डिझेल चालतं, फक्त धुतल्यावर नीट पुसून वाळू द्या. पेट्रोल मी साध्या चेनलाही वापरत नाही, पार्किंगमध्ये उघडं पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. धुतलेलं काळं पाणी गटारात किंवा झाडाच्या बुंध्यात ओतू नका. खाली ट्रे आणि जुने पेपर ठेवा, जमा झालेलं डब्यात भरून गॅरेजवाल्याच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या.

पुणेरी_रायडर

धुतल्यावर काय लावायचं यावर इथे भांडण होणार, पण माझा अनुभव लिहितो. इंजिनचं जुनं काळं ऑइल लावू नका. त्यात धातूचे कण असतात, तेच पिन-बुशमध्ये जातात. बाहेरून ग्रीस थापणं तर त्याहून वाईट, ते आत शिरत नाही आणि रस्त्यावरची सगळी वाळू धरून ठेवतं. मी ९० नंबरचं गिअर ऑइल वापरतो. स्वस्त पडतं, एक लिटर पुष्कळ दिवस जातं. स्प्रे सोयीचा आहे, उडतो कमी, पण महाग.

शंभरसीसी

डब्ल्यूडी-४० चालेल का? घरात पडलंय.

पुणेरी_रायडर

गंज सोडवायला, पाणी हटवायला चालेल. वंगण म्हणून एकट्याने नाही, फार पातळ असतं, टिकत नाही. ते मारलंत तर पुसून वर तेल द्यायलाच हवं.

आयटीआयवाला

तेल कुठे द्यायचं हे तेल कोणतं यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. हान्स रेनोल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरमध्ये जी बुश-रोलर चेन केली, तिचीच रचना आजही आपल्या गाडीत आहे. पिन बुशमध्ये फिरते, बुशवर रोलर फिरतो. झीज होते ती पिन आणि बुशच्या मध्ये. बाहेरची पट्टी तेलाने चकाकली तरी आत कोरडं असू शकतं. म्हणून तेलाचा थेंब आतल्या आणि बाहेरच्या पट्टीच्या फटीत पडला पाहिजे, दोन्ही बाजूंनी, आणि रोलरच्या कडेला. खालच्या बाजूच्या चेनवर, आतून द्या, म्हणजे चेन स्प्रॉकेटवर वळताना तेल बाहेरच्या दिशेने फेकलं जाऊन सगळीकडे जातं.

ओ-रिंग चेनला आत तेल जात नाही, जाऊही नये. तिथे तेल रिंगा ओल्या ठेवायला आणि रोलर-दात्यांसाठी.

वेळ संध्याकाळची. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असते, तेल पटकन आत उतरतं. रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी निघताना कोरड्या फडक्याने जास्तीचं पुसा. तेल लावून लगेच निघालं की निम्मं तेल रिमवर आणि टायरवर. टायरच्या कडेला तेल लागलं तर साबणाच्या पाण्याने धुऊनच गाडी काढा, वळणावर घसरते.

दर्यावर्दी

किती दिवसांनी?

सह्यवाटा

उघड्या चेनला दर ५०० कि.मी.ला तेल, हे बहुतेक ठिकाणी चालतं. धुणं त्याच्या दुप्पट अंतराने किंवा चेन मळली की. मृण्मयीताईंचा रस्ता रोजचा लांबचा आहे, त्यांनी दर रविवारी बघावं. हिशोब दिवसांत नाही, किलोमीटरमध्ये ठेवा.

कोकणरस्ता

पावसाळ्यात हे आकडे विसरा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस तेल टिकू देत नाही, आणि तांबडा चिखल चेनवर सुकला की तो पॉलिश पेपरचं काम करतो. मी पावसात भिजून आलो की त्याच संध्याकाळी चेनवर साधं पाणी ओतून चिखल उतरवतो, फडक्याने टिपतो आणि तेल देतो. एक रात्र कोरडी राहिली तरी सकाळी तांबूस दिसते. समुद्राजवळ राहणाऱ्यांना हे आणखी लागू.

आणि सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर पंपाबद्दल. नळी चेनवर आणि चाकाच्या हबवर जवळून मारू देऊ नका. पाणी ओ-रिंगच्या आत आणि बेअरिंगच्या सीलमधून शिरतं. धुऊन आणलेल्या गाडीला घरी आल्यावर तेल द्यायला विसरू नका. धुताना जुनं तेल गेलेलं असतं आणि नवं कुणी लावलेलं नसतं.

मृण्मयी_क

काल संध्याकाळी बसले. सैल केली, धुतली, काकांची खडूची परीक्षाही केली. जड जागा दर फेरीला येत नाही, तीन फेऱ्यांनीच येते. म्हणजे चेनच. धुतल्यावर दोन कड्या वाकताना अडत होत्या त्या तेलाने मोकळ्या झाल्या, तरी फरक बराच आहे: २० आणि ३८. घूंऽऽ आवाज मात्र पूर्ण गेला. गाडी किती हलकी चालतेय, सकाळी हायवेला लागताच जाणवलं.

आता ते कडी काढण्याचं सांगा. आणि चेन संपली हे नक्की कसं ठरवायचं?

आयटीआयवाला

शाब्बास. पहिल्याच वेळी एवढं नीट मोजलंत, फार बरं वाटलं.

चेन वाढते म्हणजे पट्ट्या लांबत नाहीत. प्रत्येक पिन आणि बुश थोडे झिजतात आणि दर सांध्याला जरासं अंतर वाढतं. एका सांध्याला एक दशांश मि.मी. म्हणजे डोळ्याला काहीच नाही. पण १२० सांधे आहेत, एकूण चेन १२ मि.मी. वाढली. आता कडी काढून काय होतं? एकूण लांबी कमी होते, अ‍ॅडजस्टर पुन्हा पुढे येतो, चेन ताणलेली दिसते. पण प्रत्येक दोन पिनांमधलं अंतर, म्हणजे पिच, वाढलेलंच राहतं. स्प्रॉकेटचे दाते मूळ अंतराचे कापलेले आहेत. वाढलेल्या पिचची चेन दात्याच्या तळाशी बसत नाही, वर चढते, दाते आकड्यासारखे वाकडे करते. शिवाय एक कडी अशी काढताच येत नाही, एक आतली आणि एक बाहेरची अशी जोडी काढावी लागते, आणि जोडायला आणखी एक लॉक (जोडकडी) घालावं लागतं. झिजलेल्या चेनमधली हीच सर्वांत धोक्याची जागा. हायवेवर चेन तुटली तर ती मागच्या चाकात अडकू शकते किंवा पुढे गोळा होऊन इंजिनचं आवरण फोडू शकते. त्यामुळे कडी काढणं हा उपाय नाही. अ‍ॅडजस्टर शेवटच्या खुणेला पोचला म्हणजे चेन बदलायची वेळ झाली, कंपनीने ती खूण त्यासाठीच दिली आहे.

नक्की मोजायचं असेल तर असं करा. चेनच्या पट्टीवर नंबर कोरलेला असतो, तुमच्या गाडीला बहुधा ४२८. पहिला आकडा ४ म्हणजे पिच चार अष्टमांश इंच, अर्धा इंच, १२.७ मि.मी. (५ ने सुरू होणाऱ्या ५२०, ५३० वगैरे चेनचा पिच पाच अष्टमांश, १५.८७५ मि.मी.) खालची चेन हाताने ताणून धरा. एका पिनच्या मध्यापासून मोजायला लागा आणि एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत या. म्हणजे २० पिच. नव्या ४२८ चेनला हे अंतर २५४ मि.मी. असतं. २५९ झालं म्हणजे दोन टक्के वाढली. ही शेवटची हद्द धरा. काही कंपन्या याच्या खूप आधीच बदलायला सांगतात, मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच पाळा. दोन-तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत मोठा आकडा घ्या.

पट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढा. चांगली चेन दात्यावरून उठत नाही. अर्धा दाता उघडा दिसला तर चेन संपली.

मृण्मयी_क

२६० आलं. एका जागी २६० च्याही थोडं पुढे. मागचे दातेही एका बाजूला झुकलेले दिसतात.

सह्यवाटा

मग निर्णय झाला. आणि नुसती चेन घेऊ नका, पूर्ण चेन किट घ्या: चेन, पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट. वाकड्या दात्यांवर नवी चेन टाकली की नवी चेन त्याच वाकड्या मापाने झिजते आणि पैसे दोनदा जातात. किट घेताना दाते मोजून घ्या, जुन्याइतकेच हवेत. ४२८ आणि ४२८ एच मध्ये एच म्हणजे जाड पट्टीची. गाडीला जी होती तीच घ्या.

मागचं स्प्रॉकेट बदलायला चाक काढावं लागतं. पहिल्यांदा करताय तर ओळखीच्या मेकॅनिकसमोर उभं राहून करून घ्या, पण चार गोष्टी स्वतः बघा. पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर उघडल्यावर आतला काळा थर खरवडून काढायला लावा. ऑइल सील ओलं दिसतंय का पाहा, ताणलेल्या चेनने त्याला त्रास झाला असेल तर आत्ताच कळेल. नवी चेन ओवायला जुन्या चेनच्या टोकाला लॉकने जोडून ओढली की कव्हरमधून सहज येते. आणि लॉकच्या क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला. उघडी बाजू पुढे असली तर काही लागून क्लिप निघू शकते. ही एक गोष्ट मी दुसऱ्याने बसवलेल्या प्रत्येक चेनमध्ये वाकून बघतोच. तुमची ओ-रिंग चेन असेल तर तिला क्लिपऐवजी ठोकून बसवायचं लॉक असू शकतं, ते मात्र योग्य हत्यार असलेल्या माणसाकडूनच.

बुलेटस्वार_नगर

चाक निघालंच आहे तर हबमधली ड्रम रबरं पण बघून घ्या. स्प्रॉकेट धरून पुढे-मागे हलवा. चाक स्थिर असताना ते बरंच हलत असेल तर रबरं दबली आहेत. गिअर बदलताना, अ‍ॅक्सिलरेटर सोडून परत देताना जो झटका बसतो तो लोकांना चेनचा वाटतो, आणि चेन आवळत राहतात. किटच्या तुलनेत रबरं अगदी स्वस्त आहेत.

मृण्मयी_क

किट बसलं. रबरंही बदलली, खरंच दबून चपटी झाली होती. ऑइल सील कोरडं आहे, तेवढं वाचलं. क्लिपची दिशा मेकॅनिकने उलटी घातली होती, सह्यवाटांनी लिहिलं होतं म्हणून लक्षात आलं, लगेच बदलून घेतली. ढील सगळीकडे २५ आहे, चाक फिरवलं तरी आकडा हलत नाही. आता पुढे कधी बघू?

आयटीआयवाला

नवी चेन सुरुवातीला पटकन बसते, म्हणून पहिल्या ५०० कि.मी.च्या आतच एकदा मोजा. बहुधा थोडी सैल झालेली असेल, पुन्हा २५ वर आणा. त्यानंतर दर वेळी तेल देताना मोजत जा, वहीत किलोमीटर आणि आकडा लिहून ठेवा. नव्या चेनवर कारखान्याचं चिकट वंगण असतं, ते रॉकेलने धुऊन टाकू नका, तसंच चालू द्या आणि वरून तेल देत राहा. मागच्या स्प्रॉकेटचे नट या आठवड्यात एकदा पान्याने तपासा, नव्याने बसवलेले आहेत. आणि पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी परत आली की घरी येऊन ढील मोजा, कुणी मायेने आवळून दिली असेल तर लगेच कळेल.

शंभरसीसी

मीही आज टोपण काढून बघितलं. चेन पूर्ण कोरडी, तांबूस, आणि ढील पन्नासच्या वर. या रविवारी कव्हर उघडतो. काका, रॉकेल किती लागेल?

आयटीआयवाला

अर्धा लिटर पुरे. इतकी सैल असेल तर तोवर मागे कुणाला बसवू नका आणि सावकाश चालवा, चेन उतरून कव्हरमध्ये अडकू शकते. कव्हर उघडल्यावर आधी २० पिच मोजा. २५९ च्या पुढे असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, थेट किट घ्या. आणि तुमच्या गाडीला स्लीव्ह नट आहे का ते आधी बघा, तो सैल केल्याशिवाय अ‍ॅडजस्टरला हात लावू नका.